तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आर्डिथ न्यूगार्डचं सन १८८७ सकाळी साडेनऊला सुरू व्हायचं आणि संध्याकाळी पाचला संपायचं. मधल्या वेळात मोटारगाडी, वीज, दोन महायुद्धं आणि माणूस चंद्रावर जाऊन आला, यातलं काही म्हणजे काही तिला ठाऊक नसे. सोमवारी सुट्टी. सोमवारी तिला सगळं ठाऊक असायचं.

आयोवात आमच्या ओटर क्रीक काउंटीत, हमरस्त्याला लागून, एक जुनं गाव मांडून ठेवलेलं आहे. लोहारशाळा एका गावाहून उचलून आणली, चर्च दुसरीकडून, एका खोलीची शाळा तिसरीकडून, आणि ब्रॉकमन नावाच्या जर्मन कुटुंबाचं शेतघर तर चाकांवर घालून चौदा मैल ओढत आणलं. खरं सांगायचं तर हे बघायला मुद्दाम कोणी थांबत नाही. समोरच्या पेट्रोल पंपाशेजारी बावीस फुटी सिमेंटचं मक्याचं कणीस आहे, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायला लोक थांबतात. मग पोरांना शू लागते, पंपावरचं स्वच्छतागृह बघून आया नाक मुरडतात, आणि सगळा लवाजमा रस्ता ओलांडून आमच्या एकोणिसाव्या शतकात येतो.

तिथे ब्रॉकमनांच्या स्वयंपाकघरात लोखंडी चुलीपुढे आर्डिथ उभी. घोट्यापर्यंत झगा, त्यावर ॲप्रन, डोक्याला कापडी टोपडं. टोपडं तिला फार सोयीचं होतं, कारण त्याच्या आत कानातली दोन्ही यंत्रं लपायची. वय अडुसष्ट. गावात ती आर्डिथ, चुलीपुढे ती मिसेस हेडविग ब्रॉकमन, सहा मुलांची आई, त्यातली चार जिवंत.

गावाची व्यवस्थापक ट्रिश हिचा एकच कडक नियम होता: पाहुण्यांसमोर १८८७ साल सोडायचं नाही. बाकीचे सोडायचे. लोहार भात्याआड फोन ठेवून बेसबॉलचा स्कोअर बघायचा. शाळामास्तरीण एकदा ‘मायक्रोवेव्ह’ म्हणून गेली आणि आठवडाभर तोंड लपवत फिरली. आर्डिथने दहा वर्षांत एकदाही सोडलं नव्हतं. एखादं आगाऊ कार्टं तिला हटकून विचारायचं, “आजी, सध्या प्रेसिडेंट कोण आहे?”

“क्लीव्हलँडसाहेब,” आर्डिथ पीठ चाळता चाळता म्हणायची. “बरा माणूस आहे की वाईट, ते मला नको विचारू बाबा. मला मत द्यायला कोण बोलावतंय?”

कोणी फोन पुढे केला की ती तो उलटासुलटा बघून परत द्यायची. “पाटी छान आहे. पण चौकट नाही हिला. पडली की फुटेल.” आणि स्वच्छतागृह विचारलं, जे दिवसातून साठ वेळा विचारलं जायचं, तर मागच्या विटांच्या इमारतीकडे लाटणं दाखवून म्हणायची, “तिकडे बघा. म्हणे आत पाणी आपोआप वाहतं. मी काही आत गेले नाही, मला भीती वाटते.”

एकदा तर वादळाचा भोंगा वाजला. आभाळ हिरवं झालं, ट्रिश वॉकीटॉकीवर किंचाळायला लागली. आर्डिथने तीस माणसं तळघरात कोंबली, बटाट्याच्या पोत्यांवर बसवली, आणि “माझ्या गुडघ्याला सकाळीच कळलं होतं” असं म्हणत त्यांना अर्धा तास टोळधाडीच्या वर्षाची हकिगत ऐकवली. वादळ उत्तरेकडून निघून गेलं. त्यातले दोघेजण नंतर दर वर्षी तिला नाताळचं कार्ड पाठवायचे. पत्त्यावर नाव हेडविग ब्रॉकमन.

लोक म्हणायचे, काय अभिनय करते बाई! अभिनय कसला, डोंबल. असल्याच एका घरात, असल्याच एका चुलीपुढे ती वाढली होती. चुलीच्या पोटात उघडा हात घालायचा, वीसपर्यंत मोजायचं, आणि त्याआधी हात मागे घ्यावा लागला तर पाव करपणार, हे तिला आईने शिकवलं होतं. ते घर आता राहिलं नव्हतं. आणि ते का राहिलं नव्हतं, याच कारणाने आर्डिथ आपल्या सख्ख्या थोरल्या भावाशी, वर्लिनशी, अकरा वर्षं बोलत नव्हती.

आता ‘बोलत नव्हती’ म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. आमच्याकडे बोलणं बंद म्हणजे तोंड फिरवणं वगैरे नसतं. तसलं काही करणं म्हणजे असभ्यपणा. दोघं किराणा दुकानात भेटले की ती म्हणायची, “गारठा वाढलाय.” तो म्हणायचा, “हो, वारा आहे ना.” ती म्हणायची, “बरंय तर.” आणि दोघं दोन वाटांनी जायची. हवेपलीकडे एक अक्षर नाही. हे इतकं सभ्यपणे चाललं होतं, की बहिणीने आपल्याशी बोलणं टाकलंय हे वर्लिनला कळायलाच दोन वर्षं लागली. का टाकलंय, ते तर अजूनही कळलेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. आई गेली. दफन उरकून सगळे घरी आले, चर्चच्या बायकांनी आणलेली हॅम सँडविचं खाऊन पांगले, आणि स्वयंपाकघरात दोघं बहीणभाऊ उरले. वर्लिनने हातातली टोपी दोनदा फिरवली आणि म्हणाला, “आर्डी, घर तू घेतेस का?”

“छे रे,” आर्डिथ म्हणाली. “मला काय करायचंय एवढं मोठं घर.”

आठवड्याने त्याने फोन केला. “घराचं म्हणत होतो मी. तुला हवं असलं तर बघ.”

“नको नको. तू तुझं बघ.”

आणि ती तिसऱ्या फोनची वाट बघत बसली. आमच्या मुलखात कोणालाही विचारा. पहिल्यांदा विचारलं की माणूस ‘नको’ म्हणतो, कारण हावरेपणा दिसू नये. दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणतो, कारण समोरचा भिडेपोटी विचारत असेल. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे मनापासून आहे, आणि मग ‘बरं, एवढं म्हणताय तर’ असं म्हणून कॉफीचा कप, केकचा तुकडा किंवा आईचं घर, जे काही असेल ते घ्यायचं. पंगतीत पानावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणणाऱ्याला जिलबी नकोच आहे असं कोणी धरून चालतं का?

वर्लिन धरून चालला. त्याचाही काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं शिकागोत लिफ्ट दुरुस्त करून तो नुकताच गावी परतला होता. तिथे माणसं एकदा विचारतात, आणि ‘नाही’ म्हटलंत तर पुढच्या माणसाला विचारतात. त्याला दोनदा विचारल्याचंच समाधान. त्यातून बहीण विधवा, एकटी, जिने चढायचे. तिला कशाला हवं असेल ते धूड? त्याने घर जमिनीसकट शेजाऱ्याला विकलं. शेजाऱ्याने वसंतात घर पाडलं आणि मका पेरला. आर्डिथला कळलं ते रस्त्यावरून जाताना, जोतं नाही, झाड नाही, नुसती नांगरलेली काळी माती बघून. तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. पुढच्याच वर्षी ती ब्रॉकमनांच्या चुलीपुढे कामाला लागली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

तर त्या सप्टेंबरात पोस्टात कोणीतरी सहज म्हणालं, “काय गं, तुझा भाऊ ॲरिझोनाला चालला म्हणे. लेकीकडे. कायमचा.” त्याच संध्याकाळी तिच्या फोनवर निरोप पडला होता: “आर्डी, वर्लिन बोलतोय. गुरुवारी निघतो. छाती जरा धरते, तिकडची हवा कोरडी आहे. तर... बरंय मग.” आर्डिथने तो निरोप सात वेळा ऐकला. फोन केला नाही. त्याने परत करावा, मग बघू, असं ठरवून ती दोन दिवस फोनच्या आसपास घुटमळत राहिली. एकाहत्तर वर्षांचा माणूस हजार मैलांवर जातो, तो पुन्हा दिसेलच असं थोडंच असतं, हे तिलाही कळत होतं. रात्री झोप लागत नव्हती. पण फोन काही वाजला नाही.

मंगळवारी दुपारी सहलीची एक मोठी बस थांबली. ब्रॉकमनांचं स्वयंपाकघर माणसांनी फुलून गेलं. ट्रिशही दोन नव्या बायकांना घेऊन दारात उभी होती. हंगामासाठी घेतलेल्या त्या दोघींना ती हळूच सांगत होती, “हिच्याकडे बघा. काहीही होवो, ही साल सोडत नाही.”

आर्डिथ पावाचं पीठ मळत होती. “घाबरू नका, पुढे या. चूल चावत नाही,” ती म्हणाली आणि मान वर केली, तर सगळ्यांच्या मागे, छातीवर तिकिटाचा पिवळा कागद चिकटवून, वर्लिन उभा.

वाळला होता. दहा वर्षांत तो कधी इथे आला नव्हता. आर्डिथचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालायला लागले.

“यीस्ट आम्ही बटाट्याच्या पाण्यात वाढवतो,” ती लोकांना म्हणाली. आवाज जरा चढाच लागला. “काही विचारायचं असलं तर विचारा.”

मागून शाळेतल्या पोरासारखा एक हात वर झाला. “मिसेस ब्रॉकमन,” वर्लिन घसा खाकरून म्हणाला, “तुम्हाला भाऊ आहे का हो?”

“आहे एक,” आर्डिथ म्हणाली.

“कुठे असतो?”

“पश्चिमेला चाललाय. ॲरिझोना टेरिटरीत. तिकडे म्हणे पाण्याचा थेंब नाही, आणि सकाळी बूट झटकून घालावे लागतात, आत विंचू असतात. पण ज्याला जायचंच आहे त्याला कोण अडवणार?”

लोक हसले. नव्या बायकांपैकी एकीने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

“त्याने कळवलं नाही तुम्हाला?”

“कळवलं ना. निरोप ठेवला.”

“मग तुम्ही उत्तर का नाही दिलंत?”

“टपालाची घोडागाडी उशिरा येते आमच्याकडे.”

“अकरा वर्षं उशिरा?” वर्लिन म्हणाला.

पुन्हा हशा पिकला. लोकांना वाटलं, हा म्हातारा पगारी आहे, दोघांचं बसवलेलं नाटुकलं आहे. पुढे एक ठसठशीत बाई उभी होती, न्यू जर्सीची, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, तोंडात गम. ती कमरेवर हात ठेवून पुढे सरसावली. “एक मिनिट, एक मिनिट. त्या भावाने केलं तरी काय?”

“काही नाही हो,” आर्डिथ म्हणाली.

“काही नाही कसं? अकरा वर्षं काही नाहीवर जात नाहीत. बोला!”

न्यू जर्सीच्या माणसाला गोष्ट अर्धवट ठेवलेली सोसत नाही. आर्डिथने पिठाचा गोळा उचलून फळीवर आपटला. “आई गेली आमची. भावाने विचारलं, घर घेतेस का? मी म्हटलं, नको. मग परत विचारलं. मी म्हटलं, नको. मग त्याने विकलं.”

“आणि?”

“आणि काय? झालं.”

“अहो पण तुम्ही नको म्हणालात!” बाई ओरडलीच. “दोनदा!”

“हो.”

“मग चुकलं काय त्याचं?”

खिडकीपाशी मक्याच्या बियाण्याची जाहिरात असलेली टोपी घातलेला एक शेतकरी बायकोबरोबर उभा होता. इथलाच, शेजारच्या काउंटीतला. तो आता चुलीकडे बघत हळूच म्हणाला, “तिसऱ्यांदा विचारायचं असतं.”

“असतंच,” त्याची बायको म्हणाली.

“कोणी सांगितलं?” न्यू जर्सी गरजली.

“सांगायचं काय त्यात? सगळ्यांना ठाऊक असतं.”

“मला नाही ठाऊक! आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारलं तर माणूस म्हणतो, बहिरा आहेस का?”

“असेल,” शेतकरी नम्रपणे म्हणाला. “पण इथे तीनदा.”

सगळी खोली वाद घालायला लागली. विस्कॉन्सिनचं एक जोडपं तीनदाच्या बाजूने पडलं, टेक्ससचा एक गडी म्हणाला की आमच्याकडे विचारतच नाहीत, सरळ ताटात वाढतात.  या गलक्यात वर्लिनचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला. ‘इथे बसू नये’ अशी पाटी लावलेल्या पिठाच्या पिंपावर तो मटकन बसला. ट्रिशने पाटीकडे बोट दाखवलं.

“तिसऱ्यांदा,” तो स्वतःशीच म्हणाला. “अरे देवा. एवढंच?”

“एवढंच नव्हतं ते,” आर्डिथ म्हणाली.

वर्लिनला ते लागलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, टोपी काढली, आणि माणसांतून वाट काढत फळीपाशी आला. दोघांत फक्त पिठाचा गोळा उरला.  न्यू जर्सीच्या बाईने गम चघळणं थांबवलं.

“आर्डी,” तो म्हणाला. “आईचं घर तुला हवंय का?”

दारात ट्रिश उभी होती. दोन नव्या बायका पेन सरसावून उभ्या होत्या. ‘कोण आर्डी? मी हेडविग’ असं म्हणून हसून मोकळं होणं आर्डिथला डाव्या हातचा मळ होतं. वादळात तिने साल सोडलं नव्हतं. आता तिने त्या म्हाताऱ्या, वाळलेल्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“हवं होतं रे,” ती म्हणाली. “खूप हवं होतं. मी तर पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं.”

“मग सांगायचं ना!”

“असं कोणी सांगतं का?”

“पण मला कसं कळणार?”

“विचारायचं!”

“बरोबर आहे,” शेतकऱ्याची बायको म्हणाली, आणि नवऱ्याने तिला कोपर मारलं.

आर्डिथ रडत होती. पिठाच्या हाताने डोळे पुसल्यामुळे तोंड पांढरं झालं होतं. वर्लिनला बहिणीला मिठी मारायची होती, पण ते काही त्याला जमलं नसतं. आमच्याकडच्या पुरुषांना ते जमत नाही. त्याने फळीवरचं सांडलेलं पीठ तळहाताने एका जागी गोळा करायला सुरुवात केली.

“आता तिथे मका आहे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. रोज त्याच रस्त्याने येते मी.”

“यंदा चांगला आलाय.”

“पाऊस वेळेवर झाला ना,” आर्डिथ नाक ओढत म्हणाली.

“हो. पाऊस चांगला झाला.” पुन्हा हवेवरच गाडी येऊन थांबतेय हे त्याच्याही लक्षात आलं असावं. पिठाचा ढीग त्याने नीट गोल केला. मग दोन्ही पाय रोवून, ओझं उचलायला वाकतो तसा तो जरा पुढे झुकला. पुढे काय काय होणार याचा त्याने मनाशी हिशेब बांधला होता हे उघड दिसत होतं. “आज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला ये.”

“येते,” आर्डिथ म्हणाली.

“त्रास काही नाही गं. भांडी बांधून झालीत, पण कागदी ताटल्या आहेत. डुकराच्या मांसाचे तुकडे भाजतो, मका उकडतो. खरंच ये.”

“येते म्हटलं.”

“मी भिडेपोटी विचारत नाहीये, आर्डी. मनापासून विचारतोय. तिसऱ्यांदा विचारतोय बघ, येतेस का?”

“अहो हो म्हणाली ती!” न्यू जर्सीच्या बाईला राहवेना. “दोनदा हो म्हणाली! बहिरे आहात का?”

वर्लिन थबकला. त्याने बाईकडे बघितलं, शेतकऱ्याकडे बघितलं, शेतकऱ्याने आपण काय करणार अशा थाटात खांदे उडवले. मग तो बहिणीकडे वळला.

“पहिल्यांदाच हो म्हणालीस तू?”

“म्हणाले. मागे एकदा वाट बघून बघितली मी, वर्लिन. तेवढ्यात घर गेलं. आता तू चाललास.”

तिने ॲप्रनला हात पुसले, दारातल्या ट्रिशकडे बघून म्हणाली, “आज मला लवकर जायचंय, ट्रिश. हा पाव तू चुलीत घाल. हात आत घालून वीसपर्यंत मोज,” आणि ट्रिश काय म्हणते ते ऐकायला न थांबता भावाचा दंड धरून बाहेर पडली. घड्याळात पावणेतीन वाजले होते.